सेनापती बापट : मुळशी सत्याग्रहाच्या संदर्भात

मराठी चरित्रवाङ्मयात पांडुरंग महादेव बापट यांची प्रतिमा त्यागमूर्ती सेनानीची आहे. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. ज्या मावळ्यांसाठी बापटांनी मुळशीचा लढा दिला, त्यांच्यात आणि या लढ्याच्या सुशिक्षित नेतृत्वात जे अंतर होते, त्याकडे या प्रतिमेमुळे दुर्लक्ष होते. बापटांच्या जीवनक्रमाचा विचार त्या अंतराच्या अनुषंगाने केल्यास त्यांचे मोठेपण उणावत नाही. उलट, ते कोणत्या मर्यादांशी झुंजत होते हे अधिक स्पष्ट होते.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. घरची सांपत्तिक स्थिती बेताची होती. तथापि, जातीने आणि इंग्रजी शिक्षणाने जे दरवाजे उघडले जातात, ते त्यांना उघडे होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन, मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये एडिंबरो येथे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी गेले. ब्रिटिश राज्यकारभारावर टीका करणाऱ्या भाषणामुळे त्यांना ती शिष्यवृत्ती गमवावी लागली. पुढे लंडनच्या इंडिया हाऊसमधील क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला, आणि पॅरिसमध्ये बॉम्बविद्या मिळवून १९०८ मध्ये ते स्वदेशी परतले. अलीपूर खटल्यानंतर काही वर्षे त्यांना अज्ञातवास पत्करावा लागला, १९१२ मध्ये अटकही झाली. पुढील काळात पुण्यात वृत्तपत्राच्या कचेरीत आणि केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कार्यात त्यांनी काम केले. येथवरचा जीवनक्रम त्या काळातील एका बुद्धिमान, जहाल तरुणाचा आहे.

त्यांचे वेगळेपण दिसते ते स्वतःच्या वर्गाच्या सवयी मोडण्याच्या प्रयत्नांत. मुलाच्या बारशाला त्यांनी पहिली पंगत अस्पृश्यांची बसविली. गावचे रस्ते स्वतः झाडण्याचे व्रत घेतले. १९२० च्या सुमारास मुंबईत झाडू-कामगारांच्या संपाला त्यांनी नेतृत्व दिले. दरिद्री माणसाविषयी केवळ लिहिणे-बोलणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. त्याचे काम आपल्या हातांनी केल्याखेरीज त्याच्या बाजूने उभे राहता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. ही धारणा घेऊनच ते मुळशीत आले.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्याची टाटा कंपनीची योजना होती. तिच्यामुळे मुळशी पेट्यातील पन्नासाहून अधिक गावे आणि सुमारे ११ हजार माणसे विस्थापित होणार होती. भूसंपादनासाठी सरकारने १८९४ चा कायदा कंपनीच्या हाती दिला होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह सुरू झाला. स्त्री-पुरुष मावळे बांधकामाच्या जागी जाऊन बसले, आणि काम काही महिने तहकूब झाले. गांधींनीही टाटांना रयतेच्या इच्छेचा मान राखण्याचे जाहीर आवाहन केले. वर्षअखेरीस काम पुन्हा सुरू झाल्यावर लढ्याचे दुसरे पर्व उभे राहिले. बापटांना वारंवार तुरुंगवास घडला. सेनापती ही लोकमान्य उपाधी त्यांना याच लढ्याने दिली.

मात्र या लढ्यात जमीन या एकाच शब्दाचे तीन अर्थ वावरत होते. कसणाऱ्या मावळ्याच्या दृष्टीने जमीन म्हणजे भाताचे खाचर, वर्षाचे अन्न. या खाचरांपैकी पुष्कळशी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेली होती, आणि मावळा आपल्याच पूर्वजांच्या शेतात कूळ झाला होता. सावकाराच्या दृष्टीने जमीन ही मालमत्ता होती. रास्त किंमत आल्यास ती सोडण्यास त्याची तत्त्वतः हरकत नव्हती. बापटांच्या दृष्टीने जमीन ही मातृभूमी होती आणि तिचा सौदा हा अधर्म होता. राजेंद्र व्होरा यांच्या मुळशी सत्याग्रहाविषयीच्या संशोधनाने सावकार आणि कूळ यांच्या हितसंबंधांतील ही तफावत ठळकपणे पुढे आणली.

आरंभी तिन्ही अर्थ एकत्र नांदू शकले, कारण तिघांनाही धरण नको होते. वाढीव मोबदल्याची शक्यता दिसू लागताच सावकारांचा पाठिंबा ओसरला, आणि शहरातील नेतृत्वाच्या एका भागाला तडजोड व्यवहार्य वाटू लागली. परंतु मोबदला मुख्यतः ज्याच्या नावे जमीन, त्याच्या हाती पडणार होता. कुळाच्या पदरात विस्थापनाखेरीज फारसे काही येणार नव्हते. म्हणून एक विलक्षण विरोधाभास येथे नोंदवावा लागतो. व्यवहारी म्हणवणारी तडजोड निर्धनाच्या हिताची नव्हती. ज्यांना स्वप्नाळू समजले गेले, त्या बापटांचा जमीन न विकण्याचा हट्टच कुळाच्या हिताला अधिक जवळचा होता.

तरीही बापटांच्या भूमिकेत एक उणीव राहिली. परकीय सरकार आणि भांडवल यांच्याविरुद्ध त्यांनी शस्त्र परजले. सावकार आणि कूळ यांच्या नात्याला मात्र लढ्याने हात घातला नाही. कुळांना मोबदल्यात वाटा किंवा पर्यायी जमीन मिळावी, ही मागणी लढ्याचा कणा बनली असती, तर पुण्यातील सहानुभूतीदारांशीच संघर्ष उद्भवला असता. स्वदेशी एकजुटीच्या कल्पनेत या संघर्षाला जागा नव्हती. रचनेतील ही दरी बापटांनी वैयक्तिक आत्मयज्ञाने भरून काढण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या शुद्ध सत्याग्रहाच्या कल्पनेत गांधींच्या अहिंसेची सर्व बंधने नव्हती. लढा ओसरल्यावर, ९ डिसेंबर १९२४ रोजी, त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह बांधकामाच्या रेल्वेगाडीवर सशस्त्र हल्ला केला. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. जनआंदोलनाचा शेवट असा मूठभरांच्या धाडसात झाला. ज्यांच्यासाठी ते धाडस होते, तो समाज तोवर पांगू लागला होता.

१९३१ मध्ये सुटल्यावर बापटांना पुन्हा दीर्घ कारावास घडला. पुढे गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या लढ्यांतही ते उतरले, आणि अरविंदांच्या तत्त्वज्ञानग्रंथाचा मराठी अनुवादही त्यांनी केला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मुळशीविषयीचे आज उपलब्ध असलेले बहुतेक लेखन सुशिक्षितांचे आहे : विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्या सहभागी कार्यकर्त्यांचे ग्रंथ, तत्कालीन वृत्तपत्रे, स्वतः बापटांचे काव्य. त्यांत मावळा भेटतो तो शूर, भोळा, शिवरायांच्या मावळ्यांचा वारस म्हणून. कर्ज, खंड आणि खाचर यांच्या हिशेबात अडकलेला कुणबी म्हणून तो क्वचितच बोलतो. या लेखनाचा अभ्यास करताना त्यातील गौरवाची भाषा कोणाच्या गरजेची होती, हा प्रश्न टाळता येत नाही. मुंबईत दादर-परळच्या जुन्या गिरणगावातून जाणाऱ्या रस्त्याला आज सेनापती बापटांचे नाव आहे. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशीची खोरी बुडाली, त्या आता बंद पडल्या आहेत. बुडालेल्या खाचरांच्या कुळांची नावे मात्र रस्त्याच्या पाटीवर नाहीत, आणि मराठी चरित्रवाङ्मयातही अद्याप नाहीत.