डॉक्टर हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

ज्या मनुष्याने मानवी शरीरातील मज्जातंतूंची चित्रे काढून ती साऱ्या जगापुढे ठेविली, तोच पुढे आमच्या शेजारच्या साताऱ्यास सिव्हिल सर्जन होऊन राहिला, ही गोष्ट भोर व वेल्हे येथील आमच्या फारच थोड्या वाचकांस ठाऊक असेल. ज्या व्याधीचा शोध घेण्यात त्यांनी अनेक वर्षे वेचिली ती आमच्या देशांतून अद्याप नाहीशी झालेली नाही. म्हणून त्यांचे चरित्र येथे देत आहो.

कार्टर यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडातील हल गावी झाला. वडील चित्रकार होते. तेव्हा पेन्सिल धरण्याचे शिक्षण घरीच मिळाले. पुढे लंडन येथील सेंट जॉर्ज रुग्णालयात ते वैद्यक शिकले, व त्यानंतर शस्त्रवैद्यांच्या राजमान्य संस्थेत मनुष्य व इतर प्राणी यांच्या शरीररचनेची तुलना करण्याचे व सूक्ष्मदर्शक यंत्राचे काम शिकले. कोणत्याही प्राण्याचे शरीर सूक्ष्म पेशींनी बनलेले असते. सारख्या पेशी मिळून मांस, हाड, चरबी, मज्जा अशी द्रव्ये होतात, व त्यांपासून हृदय, यकृत, मेंदू इत्यादी इंद्रिये घडतात. हे सर्व त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. स्वभाव मात्र लाजाळू व चिंताक्रांत. आपला विश्वास खरा आहे की नाही ह्या विवंचनेने त्यांनी आपल्या रोजनिशीची पुष्कळ पाने भरली आहेत. आमच्या उपदेशक बंधूंपैकी कित्येकांस ही विवंचना परकी वाटणार नाही.

त्याच रुग्णालयात हेन्री ग्रे नावाचे शस्त्रवैद्य होते. त्या दोघांनी मिळून शरीररचनेचा एक मोठा ग्रंथ करण्याचे ठरविले. मजकूर ग्रे यांचा, चित्रे कार्टर यांची. सुमारे दीड वर्ष ते प्रेते फाडीत, पाहत व रेखाटीत होते. ती प्रेते बहुधा अनाथालयांत मेलेल्या गोरगरिबांची असत. त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. कार्टर लाकडाच्या ठोकळ्यांवर उलटी चित्रे काढीत, आणि प्रत्येक शिरेचे, स्नायूचे व मज्जातंतूचे नाव त्याच्याच अंगावर लिहीत. त्यामुळे विद्यार्थ्यास चित्र पाहताच कोणता भाग कोठे आहे ते कळे. हा ग्रंथ १८५८ साली निघाला; त्यात ३६३ चित्रे होती. ग्रे यांस दर हजार प्रतींमागे १५० पौंड ठरले, कार्टर यांस एकदाच १५० पौंड. इतकेच नव्हे, तर मुखपृष्ठावरील कार्टर यांचे नाव आपल्या नावाहून लहान अक्षरांत छापावे असे ग्रे यांनी मुद्रकास कळविले. हे आम्हांस बरे वाटत नाही. परंतु १८६१ साली ग्रे स्वतः देवीच्या रोगाने तरुणपणीच वारले. तेव्हा अधिक बोलत नाही.

ग्रंथ बाहेर पडला त्याच साली कार्टर मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरव्यापार ह्या विषयांचे अध्यापक झाले. ते काय शिकवीत हे शेतकऱ्यास समजणे कठीण नाही. बैलाच्या पुठ्ठ्यास पराणीचे टोक लागते न लागते तोच तो पाय उचलतो. कातडीत मज्जातंतूंची टोके असतात. टोचल्याची वार्ता त्यांतून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जाते व तेथून मेंदूस पोहोचते. मज्जारज्जू म्हणजे बकरे कापल्यावर कण्यात दिसते ती पांढरी मऊ दोरी. स्नायूंस हुकूम नेणारे तंतू निराळे असतात. विस्तवावर पाय पडला तर मेंदूच्या हुकुमाची वाट न पाहता मज्जारज्जूच पाय मागे घेववितो. वेदना आपणांस क्षणभर मागाहून कळते. बैल, बकरे, माकड व मनुष्य ह्यांच्या शरीरांत ही व्यवस्था एकाच धाटणीची आहे. वार्ता आणणारे व हुकूम नेणारे तंतू अनेक ठिकाणी एकाच जुडग्यातून जातात, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

कारण कुष्ठरोग, ज्यास पूर्वी महारोग म्हणत, तो ह्या जुडग्यांसच धरतो. मुंबईच्या रुग्णालयात व पुढे १८६३ पासून सुमारे १८७२ पर्यंत साताऱ्यास असता कार्टर यांनी असे पुष्कळ रोगी पाहिले, आणि मेलेल्यांचे मज्जातंतू तपासले. ते त्यांस जागोजाग जाड व सुजलेले आढळले. बोटे झडतात ती रोग मांस खातो म्हणून, असा समज आमच्याकडे अजून आहे. वस्तुतः वार्ता नेणारा तंतू मेलेला असतो. राब भाजताना निखारा पायाखाली आला, चुलीवरचे भांडे हाताने उचलले, काटा रुतून जखम चिघळली, तरी त्या मनुष्यास काहीच कळत नाही. हुकूम नेणारे तंतूही त्याच जुडग्यात मरतात, म्हणून बोटे आकडीसारखी वळतात.

१८७३ साली कार्टर नॉर्वे देशात गेले. हा रोग बापाकडून मुलास रक्ताने येतो असे तेथील नामांकित वैद्यही तोवर मानीत. परंतु त्याच वर्षी डॉक्टर हान्सेन यांस त्याचे जंतू दिसले होते. कार्टर यांनी त्यांची भेट घेतली, व हा शोध इंग्रजी वाचकांस लवकर कळविणाऱ्यांत ते होते. परत येऊन रोग्यांस वेगळ्या आश्रमांत ठेवावे असा आग्रह त्यांनी सरकारापाशी धरिला. औषध नव्हते त्या काळी त्यांस दुसरा उपाय दिसला नाही. आज तो आग्रह धरणे चुकीचे होईल. १९८२ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची रीत सुरू झाली. सहा महिने अथवा एक वर्ष ती घेतल्याने रोग बरा होतो, सरकारी दवाखान्यांत ती फुकट मिळतात, आणि औषध सुरू होताच थोड्याच काळात रोग्यापासून इतरांस बाधा होण्याचे भय राहत नाही. त्यास उपासनेच्या चटईवरून उठविण्याचे कारण कोणत्याही मंडळीस नाही. मात्र तंतू फार दिवस मेलेला असेल तर तो औषधाने पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून फिकट अथवा तांबूस चट्टा दिसला, तर डोळे मिटावयास सांगून कापसाने त्यास हळूच स्पर्श करावा. स्पर्श कळला नाही तर त्याच आठवड्यात दवाखान्याची वाट धरावी. स्पर्श कळला तरी चट्टा बरेच दिवस टिकल्यास तो वैद्यास दाखवावाच. लग्नाच्या वयाच्या मुलीचा चट्टा पदराआड लपविणारे आईबाप आमच्या मंडळ्यांत आहेत. त्यांस हे उपदेशकांनी घरी जाऊन सांगितले पाहिजे.

पुढे १८७७ साली दुष्काळाच्या दिवसांत मुंबईत उलटून येणारा ताप पसरला. रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू कार्टर यांनी पाहिले, व ते रक्त माकडांस टोचून त्यांसही तोच ताप येतो हे सिद्ध केले. ग्रँट मेडिकल कॉलेजाचे ते मुख्याध्यापकही झाले. १८८८ साली ते नोकरीतून निवृत्त होऊन स्वदेशी परतले, आणि १८९७ च्या मे महिन्यात स्कारबरो येथे क्षयाने वारले. त्यांच्या चित्रांचा तो ग्रंथ तोवर अनेक वेळा पुन्हा छापला गेला होता, व विद्यार्थी त्यास नुसते ग्रे म्हणू लागले होते.