मोझेस आजीबाई

चरित्रे आपण वाचतो ती बहुधा राजेरजवाड्यांची, साधुसंतांची किंवा मोठ्या पुढाऱ्यांची. आज मी जिची हकीकत सांगणार आहे ती बाई आपल्यासारखीच चूल, मूल आणि धुणेभांडी यांत जन्म काढलेली होती. तिचे नाव ॲना मेरी. अमेरिकेत तिला सारे ग्रँडमा मोझेस, म्हणजे मोझेस आजी, म्हणत. सत्तरी उलटल्यावर तिने चित्रकलेचा नियमाने ध्यास घेतला आणि ती जगप्रसिद्ध झाली.

तिचा जन्म ७ सप्टेंबर १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनिच गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. दहा भावंडांत तिचा नंबर तिसरा. वडिलांना रंगांची आवड होती. ते मुलांना चित्रे काढण्यासाठी स्वस्तातला कोरा कागद आणून देत. रंग विकत कुठले मिळणार! लहानगी ॲना द्राक्षांच्या आणि रानफळांच्या रसाने चित्रे रंगवी. पण हे कौतुक फार दिवस टिकले नाही. बाराव्या वर्षी तिला दुसऱ्यांच्या घरी कामाला जावे लागले. स्वयंपाक, धुणे, शिवण, आजाऱ्यांची सेवा, असे करीत तिने पंधरा वर्षे काढली. शाळा अगदी थोडी झाली. ज्या एका घरी ती होती तिथल्या मंडळींनी तिचा चित्रांकडचा ओढा ओळखला आणि तिला खडू आणून दिले, एवढाच काय तो त्या काळातला विसावा.

१८८७ साली थॉमस मोझेस या शेतावर काम करणाऱ्या तरुणाशी तिचे लग्न झाले. नवराबायको दक्षिणेकडे व्हर्जिनियात स्टँटनजवळ जाऊन राहिली. तिथे तिने लोणी करून विकले, बटाट्याचे काप तळून विकले आणि संसाराला हातभार लावला. तिला दहा मुले झाली. त्यांपैकी पाच तान्हेपणीच गेली. आईच्या काळजाला याहून मोठा घाव कोणता? तरी उरलेल्या पाचांसाठी उठून कामाला लागणे भागच होते. १९०५ साली ते कुटुंब परत उत्तरेस येऊन ईगल ब्रिज या खेड्यात शेती करू लागले.

या साऱ्या वर्षांत चित्रकला कुठे होती? ती घरकामातच लपून बसली होती. १९१८ साली दिवाणखान्याच्या भिंतींना कागद चिकटवताना तो कमी पडला. तेव्हा चुलाण्यापुढच्या फळीवर साधा पांढरा कागद लावून तिने त्यावर झाडांचा आणि पाण्याचा देखावा रंगवून टाकला. १९२७ साली यजमान वारले. पुढे मुलीच्या सांगण्यावरून ती लोकरीने चित्रे भरू लागली. पण संधिवाताने बोटे आखडली, सुई धरवेना. तेव्हा बहिणीने सुचवले की सुईपेक्षा ब्रश धरणे सोपे जाईल. अशा रीतीने दुखणाऱ्या बोटांमुळे म्हातारपणी ब्रश हाती आला!

तिची रीत आपल्याला समजण्याजोगी आहे. लाकडी भुशाच्या दाबीव फळीवर ती आधी जवसाचे तेल लावी, मग पांढऱ्या रंगाचे तीन हात देई. खाली पांढरे असले की वरचा महाग रंग कमी लागतो, हा तिचा संसारी हिशेब. फळी टेबलावर आडवी ठेवून ती वरून खाली रंगवीत येई. आधी आकाश, मग डोंगर, मग झाडे, मग घरे आणि शेवटी गुरे-माणसे. वर्तमानपत्रांतील आणि मासिकांतील कात्रणे जपून ठेवून त्यांवरून ती माणसांच्या आकृती उतरवून घेई. देखावा मात्र स्वतःच्या आठवणीतला असे.

आणि आठवणी तरी कसल्या? गोधड्या शिवायला जमलेल्या बाया, धुण्याचा दिवस, कापणी, घसरगाडीवरून बर्फात निघालेली मंडळी. तिचा सर्वांत लाडका विषय मात्र हिवाळा सरून वसंत लागताना येणारा होता. त्या सुमारास रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असे हवामान असले की मेपलच्या झाडांतून गोड रस पाझरतो. सुमारे चाळीस भाग रस आटवावा तेव्हा एक भाग पाक होतो. आपल्याकडच्या गुऱ्हाळासारखीच तिथे सारी वस्ती गोळा होते, मोठमोठ्या कढया चढतात आणि मुले गरम पाक बर्फावर ओतून त्याची चिक्की खातात. हे गुऱ्हाळ तिने कितीतरी वेळा रंगवले. त्यांतले १९४३ सालचे एक चित्र २००६ साली लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले.

पण आरंभी तिच्या चित्रांना कोणी विचारीत नव्हते. गावच्या जत्रेत तिने मुरांब्याच्या बरण्यांबरोबर चित्रेही मांडली, तर बक्षीस मुरांब्याला मिळाले, चित्रांना नाही! मग जवळच्या हूसिक फॉल्स गावी औषधाच्या दुकानात बायकांनी बायकांच्या हातच्या वस्तू विकण्याचा एक उपक्रम काढला, त्यात तिची चित्रे काचेच्या आड ठेवली गेली. तिथे ती कितीतरी दिवस धूळ खात पडली होती. १९३८ च्या वसंतात, ईस्टरच्या आठवड्यात, लुई काल्डोर नावाचे न्यूयॉर्कचे एक इंजिनियर त्या वाटेने चालले होते. काचेतली चित्रे पाहून ते थबकले आणि त्यांनी होती ती सारी विकत घेतली. किंमत एकेकाची तीन ते पाच डॉलर!

दुसऱ्या दिवशी ते आणखी चित्रे घ्यायला घरी येणार होते. सुनेने त्यांना दहा चित्रे आहेत असे सांगून टाकलेले, आणि घरात तर नऊच. आजीबाईंनी काय करावे? एक मोठे चित्र मधोमध कापले, त्याला दोन चौकटी बसवल्या आणि दहाचा आकडा पुरा केला. अडल्या वेळी एका लुगड्याची दोन परकरे करणारी गृहिणीच ती!

काल्डोर न्यूयॉर्कला चित्रांच्या दुकानदारांकडे हिंडले. बाईंचे वय ऐकले की दुकानदार मान हलवीत, कारण इतक्या म्हातारीवर पैसा घालून पुढे किती वर्षे काम मिळणार? तरी १९३९ साली आधुनिक कलेच्या संग्रहालयातल्या एका प्रदर्शनात तिची तीन चित्रे लागली. ऑक्टोबर १९४० मध्ये ओटो कालिर यांनी तिच्या एकटीच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरवले, तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती. स्वतःची चित्रे आपण पाहिलेलीच आहेत, असे म्हणून ती उद्घाटनाला गेलीच नाही. पुढल्या महिन्यात एका मोठ्या दुकानाने बोलावले तेव्हा मात्र आपली पाव-मुरांब्याची शिदोरी घेऊन गेली.

१९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते तिचा सत्कार झाला. दुकानदारांचा हिशेब चुकवून ती आणखी वीस वर्षे जगली. शंभरी पार केल्यावरही तिचा ब्रश चालूच होता. दीड हजारांवर चित्रे करून १३ डिसेंबर १९६१ रोजी तिने हूसिक फॉल्स येथे देह ठेवला. १९६९ साली तिच्या एका चित्राचे तिकीट टपालखात्याने काढले.

भगिनींनो, आपल्यापैकी ज्यांना चैत्रांगण काढता येते, त्यांतली गौर, कासव, शंख आणि तुळशीवृंदावन ज्यांच्या बोटांतून सहज उतरते, त्यांना ब्रश जड जाण्याचे कारण नाही. पण मला या चरित्रातली दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. आजीबाईंची चित्रे कपाटात राहिली असती तर काल्डोरना ती कशी दिसली असती? चार बायकांनी मिळून दुकानातली एक काच मागून घेतली आणि एका शेतकरणीचे काम तिथे ठेवले, म्हणून ते जगासमोर आले. चित्र काढणे एकीच्या हाती असते, पण ते मांडायला जागा देणे सगळ्या जणींच्या हाती असते. यंदा चैत्रगौरीच्या आरासीच्या बाजूला एक मोकळी भिंत ठेवू या. शेजारच्या सासूबाईंच्या पेटीत काय पडले आहे ते विचारून पाहू या, आणि मुरांब्याबरोबर त्यालाही एखादे बक्षीस ठेवू या.