गाडगे महाराज : आपले माप ओळखलेला पुरुष

आत्मज्ञान म्हटले की मंडळींना गुहा, जटा नि समाधी आठवते. आम्ही वेदान्ताचे ग्रंथ गुरुमुखाने वाचले. पण ज्याने शाळा पाहिली नाही, त्याने स्वतःस ओळखून संसार कसा जोखला, हे आज सांगू.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी डेबूजीचा जन्म झाला. बाप झिंगराजी दारूपायी गेला. पोर दापुऱ्यास मामाच्या घरी वाढले, तर तिथली शेतीही सावकाराच्या घशात गेली. घर बुडाले कशाने? दारूने, ऋण काढून घातलेल्या जेवणावळींनी आणि न वाचता उठवलेल्या अंगठ्याने. डेबूजीने दैवाला बोल लावला नाही. सुधारणा घरापासून केली. लेकीच्या बारशाला जातीला दारू-मटण हवे होते, त्याने गोडाचे जेवण वाढले.

१९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा नि मातीचे गाडगे. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तन करावे. भाकरी खायची ती काम केल्यावरच. पुढे लोकांनी पैसा ओतला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एवढे झाले, तरी चिंध्या त्याच!

का बरं? आपली भूक एका भाकरीची, हे त्यांना ठाऊक होते, उरलेले दुसऱ्याचे. मान गोड लागतो, हेही ठाऊक होते. म्हणून कुणाला पायाला हात लावू दिला नाही, शिष्य केला नाही. ज्याला आपली गरज कळली, त्याला आधी काय नि मागून काय, हे कळायला वेळ लागत नाही. भुकेल्याला अन्न आधी. घरची भांडी मोडावी, पण पोराची शाळा मोडू नये, असे ते सांगत. ऋण काढून देवकार्य नको, हेही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याला त्यांचे कीर्तन झाले. २० डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ देह ठेवला.

आता आमच्या कांजूरमार्गाचे पाहा. साऱ्या मुंबईचा कचरा वर्षानुवर्षे इथल्या खाडीकाठी येऊन पडला. सप्ताहाची वर्गणी जमली की मंडप, कर्णे, हारतुरे यांचा हिशेब आधी होतो. मंडळी, यंदा पहिली ओळ वस्तीतल्या पोरांच्या वह्यांची लिहा, दुसरी खराट्यांची. मंडप उरल्या पैशात बसेल तेवढाच घाला. आमची बिदागी सर्वांच्या शेवटी धरा.