बाबासाहेब आंबेडकर यांचे जल व वीज धोरणविषयक कार्य

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (जन्म : महू, १४ एप्रिल, १८९१, मृत्यू : दिल्ली, ६ डिसेंबर, १९५६) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित व भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सिंचन व वीज हे विषयही त्यांच्याकडे असल्याने देशाच्या जल व वीज धोरणाच्या जडणघडणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा आहे.

शिक्षण व अध्यापन

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ मध्ये पदवी घेतल्यावर ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. लंडन विद्यापीठाने १९२३ मध्ये त्यांना डी.एस्‌सी. पदवी दिली. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षीच्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त लोकसंख्येकडे लक्ष वेधून औद्योगिकीकरणाचा उपाय सुचवला.

जल व वीज धोरण

पुढे मंत्री म्हणून त्यांनी हाच विचार विजेला लागू केला. दारिद्र्य हटवण्यासाठी उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी मांडणी त्यांनी १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे केली. विजेची मालकी राज्यसंस्थेकडे असावी की खाजगी कंपन्यांकडे, हा प्रश्नही त्यांनी समितीपुढे ठेवला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, तर १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौवहन आयोग स्थापन झाला.

१९४३ च्या महापुरानंतर दामोदर नदीसाठी अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या धर्तीवर योजना आखण्यात आली. पुराचे पाणी हे केवळ संकट न मानता ते साठवून सिंचन, जलविद्युत व जलवाहतुकीसाठी वापरावे, ही भूमिका त्यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये महानदीविषयक कटक परिषदेतही मांडली. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा त्यांनी हे खाते सोडल्यानंतर, १९४८ मध्ये झाला. महानदीवरील हिराकुड धरणातून सिंचन व वीज मिळाली; मात्र त्यामुळे अनेक गावे विस्थापित झाली.

छत्रपती संभाजीनगरातील शैक्षणिक कार्य

आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना या संस्थेने १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू केले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर, १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवण्यात आली. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले.

१९५८ मध्ये शहरात स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला १९९४ मध्ये आंबेडकरांचे नाव देण्यात आले.