न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्याचा पहिला वेध

सूर्याहून अधिक वस्तुमान जेमतेम २०-२५ किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात सामावलेले आणि चमचाभर द्रव्याचे वजन शंभर कोटी टनांच्या घरात! न्यूट्रॉन ताऱ्यातील अशा अतिघन द्रव्याचा विचार प्रथम करणाऱ्यांत रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव लँडाऊ अग्रभागी होते.

लँडाऊ यांचा जन्म २२ जानेवारी १९०८ रोजी बाकू येथे झाला. चौदाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झालेल्या या बुद्धिमान तरुणाने पुढे कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांच्या सहवासात संशोधन केले. १९३१ मध्ये, म्हणजे न्यूट्रॉनचा शोध लागण्यापूर्वीच, त्यांनी एक निबंध लिहिला. ताऱ्याच्या अंतर्भागात अणुकेंद्रे परस्परांना भिडून एकच महाकाय अणुकेंद्र बनू शकेल, असे त्यात सुचविले होते. १९३२ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

१९३७ मध्ये सोव्हिएत रशियात अटकसत्र सुरू होते. खारकोवमधील त्यांच्या काही सहकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. लँडाऊ त्यापूर्वीच मॉस्कोला आले होते. तेथे त्यांनी ताऱ्यांच्या ऊर्जेचे मूळ न्यूट्रॉनच्या गाभ्यात असल्याचा सिद्धान्त मांडला. तो चुकीचा ठरला. ताऱ्यांची ऊर्जा अणुकेंद्रांच्या संमीलनातून येते. मात्र या कल्पनेची छाननी करताना अमेरिकेत रॉबर्ट ओपेनहायमर न्यूट्रॉन ताऱ्याकडे वळले. जॉर्ज व्होल्कॉफ यांच्यासह त्यांनी १९३९ मध्ये या ताऱ्याच्या रचनेचे पायाभूत गणित मांडले.

तेव्हा लँडाऊ तुरुंगात होते. स्टालिनविरोधी पत्रकाच्या प्रकरणात एप्रिल १९३८ मध्ये त्यांना अटक झाली होती. ज्येष्ठ शास्त्रज्ञ प्योत्र कापित्झा यांनी स्वतः हमी दिल्यावर वर्षभराने त्यांची सुटका झाली. अतिशीत द्रवरूप हेलियम घर्षणाविना कसे वाहते, याची उकल त्यांनी १९४१ मध्ये केली. हे संशोधन १९६२ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या फिरण्याच्या गतीत अधूनमधून अचानक होणारी वाढ समजून घेताना, त्यांच्या अंतर्भागातही असेच घर्षणरहित द्रव्य असल्याचे आज मानले जाते.

जानेवारी १९६२ मधील मोटार अपघाताने मात्र लँडाऊ यांचे संशोधन कायमचे थांबले. फेब्रुवारी १९६८ मध्ये पल्सारचा शोध जाहीर झाला; पल्सार म्हणजे न्यूट्रॉन तारेच, हे त्यानंतर स्पष्ट झाले. तोवर, १ एप्रिल १९६८ रोजी, लँडाऊ यांचे निधन झाले होते.