बर्फाच्या डोंगरावरची मास्तरीणबाई

मैत्रिणींनो, मागे एकदा आमच्या बचत गटाची सहल गडावरच्या देवीला गेली होती. निम्म्या वाटेवरच दोघीजणी दगडावर बसल्या. दम लागला म्हणून नव्हे, साडी सारखी पायात येत होती म्हणून. ड्रेस घालून आल्या असत्या, पण घरचे काय म्हणतील! त्या दिवशी मला राहून राहून फे फुलरची आठवण येत होती.

फे अमेरिकेतली. जन्म १८६९ चा. ती बारा-तेरा वर्षांची असताना घरचे सगळे पश्चिम किनाऱ्याकडच्या टॅकोमा गावी राहायला आले. तिथून रेनिअर पर्वत दिसतो. उंची चौदा हजार चारशे फुटांच्या वर. आहे ज्वालामुखी, पण अंगावर बारा महिने बर्फाच्या नद्या. पोटात आग आणि डोक्यावर बर्फ! शाळा संपवून फे लहान वयातच शिक्षिका झाली. मुलांना शिकवायचे आणि येता-जाता तो डोंगर बघायचा. तेव्हापासूनच वर जायचे तिच्या मनाने घेतले.

१८७० मध्ये हे शिखर सर करणाऱ्यांपैकी एक होते व्हॅन ट्रम्प. त्यांच्या ओळखीने १८८७ मध्ये ती पहिल्यांदा निघाली, पण साधारण साडेआठ हजार फुटांवरून परत फिरावे लागले. दुसरी एखादी म्हणाली असती, झाली हौस! ही मात्र तीन वर्षं तेच मनात धरून बसली.

त्या काळी बायकांचे झगे जमिनीवर लोळत. असला घोळ सांभाळत बर्फावर चढायचे कसे? फेने जाड निळ्या फ्लॅनेलचा, घोट्यापर्यंतचा सैल विजारीचा पोशाख शिवून घेतला. पायात मुलांचे बूट घातले, डोक्यावर गवती टोपी. बर्फात टेकायची काठी गावच्या लोहाराकडून करून घेतली. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून तोंडाला चक्क कोळसा फासला. हा अवतार बघून लोकांनी नाके मुरडली. बाईमाणसाला हे शोभते का, अशी चर्चा झाली.

१० ऑगस्ट १८९० रोजी चार पुरुषांबरोबर ती शिखरावर पोचली. दुपारचे साडेचार वाजले होते, वय अवघे वीस. कड्याच्या अवघड वाटेवर सोबत्यांनी हात पुढे केला, तर म्हणे तिने तो नाकारला. जायचे तर स्वतःच्या बळावर, नाहीतर नाहीच. उशीर झाल्यामुळे रात्र वरच काढावी लागली. ज्वालामुखीच्या तोंडाशी वाफेने बर्फ वितळून गुहा झाल्या आहेत, त्यातल्या एकीत सगळे कुडकुडत झोपले. खाली आली तेव्हा कोळसा लावूनही तिचा चेहरा उन्हाने सुजला होता. पण रेनिअर सर करणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव कायमचे लागले.

पुढे ती टॅकोमातली पहिली स्त्री-वार्ताहर झाली. डोंगरावर एक सदरच लिहू लागली. गिर्यारोहकांच्या संस्था उभ्या करण्यात पुढे राहिली. १८९७ मध्ये मोठ्या तुकडीबरोबर पुन्हा शिखरावर गेली. त्या मोहिमेत उतरताना एका सोबत्याचा पडून मृत्यू झाला. डोंगर किती निष्ठुर असतो, हेही तिने पाहिले. पुढे ती पूर्वेकडे गेली, एका वकिलाशी लग्न झाले, संसारात रमली. १९४८ मध्ये चौघे तरुण त्याच शिखरावरून स्की करीत खाली उतरले, तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. १९५८ मध्ये ती गेली. रेनिअरजवळच्या एका शिखराला आज तिचे नाव आहे, फे पीक.

विचार केला की वाटतं, फेला जास्त जड काय गेलं असेल? बर्फ की लोकांचं बोलणं? बर्फावर काठी टेकता येते हो, बोलण्यावर काय टेकणार? तिने उत्तर देत बसायच्या ऐवजी पोशाख शिवायला टाकला आणि चालू लागली.

आमच्या त्या दोघी परवा भेटल्या. पुढच्या सहलीला ड्रेस घालून येणार म्हणाल्या. देवी काही रागावणार नाही. आणि घरचे? त्यांना होईल हळूहळू सवय!