अकरा एप्रिल : आंबापाणीचेही स्मरण हवे

अकरा एप्रिल म्हटले की आपल्याला महात्मा जोतीराव फुले आठवतात. वस्त्यावस्त्यांतून प्रतिमापूजन होते, व्याख्याने होतात आणि तीन दिवसांनी येणाऱ्या भीमजयंतीची तयारी सुरू असते. परंतु याच तारखेला, १८५८ साली, सातपुड्याच्या कुशीत आंबापाणी येथे भिल्लांचे रक्त सांडले, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे? जोतीरावांच्या वयाला त्या दिवशी एकतीस वर्षे पूर्ण झाली होती. पुण्यात त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या मुलामुलींसाठी शाळा उभारल्या होत्या आणि इकडे खाज्या नाईक कंपनी सरकारच्या बंदुकांपुढे उभे होते. लढाई वेगळी, हत्यार वेगळे. पण ज्यांना माणूस म्हणून मोजलेच जात नव्हते, त्यांचीच ती दोन्ही माणसे.

नंदुरबारला दरवर्षी ९ सप्टेंबरला शिरीषकुमार आणि त्याच्या चार साथीदारांना मानवंदना दिली जाते. १९४२ साली गोळ्या झेललेल्या त्या कोवळ्या पोरांपुढे मान लवलीच पाहिजे. पण नंदुरबारहून शहादा-शिरपूरमार्गे आग्रा रोडला लागले की जो सेंधव्याचा घाट चढावा लागतो, तेथे त्याच्या चौऱ्याऐंशी वर्षे आधी कोण लढले, हे आमच्या मुलांना शाळेत सांगितले जात नाही. १८५७ म्हटले की काडतुसे, तात्या टोपे, झाशीची राणी आणि पेशव्यांचा दत्तक वारस. भिल्ल आले तर एखाद्या ओळीत, तेही लुटारू म्हणून.

मुळात भिल्लांचा लढा १८५७ ला सुरू झालाच नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात खानदेशात दुष्काळ पडला, लुटालूट झाली आणि गावगाड्याबाहेरचा भिल्ल उपाशी मरू लागला. पेशव्यांच्या सरसुभेदाराने त्यांचा बंदोबस्त कसा केला? भिल्लांना कोपरगावला बोलावून घेतले, विश्वासघाताने पकडले आणि विहिरींत ढकलून मारले. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा भिल्लाने अश्रू ढाळावेत, असे काही उरलेच नव्हते.

पण कंपनी सरकार आले म्हणून भिल्ल सुखी झाला, असेही नाही. सातपुडा आणि सातमाळ्याच्या घाटांवर नाईकांचे वहिवाटीचे हक्क होते. वाट राखायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून ठरलेला कर घ्यायचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची होती. इंग्रजांना मुंबई-आग्रा रस्ता आपल्या ताब्यात हवा होता. नाईकांनी विरोध केला, तेव्हा फौजा पाठवल्या. फौजांनी काम भागेना, तेव्हा १८२५ साली भिल्ल एजन्सी काढली आणि भिल्लांचीच पलटण उभी केली. तापीकाठच्या कुकरमुंड्याला एजन्सीचे ठाणे बसले आणि नंदुरबार, सुलतानपूरचा मुलूख त्याच्या देखरेखीखाली आला. काट्याने काटा काढावा, तसा भिल्लाकरवी भिल्ल काबूत ठेवण्याची ही युक्ती होती.

सेंधव्याचा घाट राखणारे गुमानी नाईक हे खाज्या नाईक यांचे वडील. पित्याकडे जो घाट हक्काने होता, तोच राखण्यासाठी मुलगा १८३१ साली कंपनीच्या पोलिसात पगारी नोकर झाला. खाज्या नाईक यांच्या आयुष्याचे हे पहिले वळण. मालकाचा चाकर झाला. तरीही वीस वर्षे त्यांनी इमानाने नोकरी केली, हे लपवण्याचे कारण नाही. पोट भरण्यासाठी सत्तेची चाकरी करावी लागणे ही आमच्या सगळ्याच समाजांची कहाणी आहे.

दुसरे वळण १८५१ सालचे. पकडलेल्या एका गुन्हेगाराच्या मृत्यूबद्दल त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. वीस वर्षांची चाकरी एका दिवसात मातीमोल झाली. शिक्षा संपण्याआधीच त्यांची सुटका झाली. पुढे १८५७ साली उत्तरेत उठाव पेटला, सरकारला घाटाची काळजी लागली आणि त्याच खाज्या नाईकांना पुन्हा कामावर घेतले. गरज पडली की रखवालदार, गरज सरली की गुन्हेगार! हा न्याय ते पुरते ओळखून होते.

म्हणूनच तिसरे वळण त्यांनी स्वतः घेतले. १८५७ च्या अखेरीस त्यांनी चाकरी झुगारली आणि भीमा नाईक, मेवाश्या नाईक यांच्यासह बंडाचे निशाण उभारले. नोव्हेंबरमध्ये आग्रा रोडने निघालेला सुमारे सात लाखांचा खजिना त्यांच्या माणसांनी ताब्यात घेतला. त्याच सुमारास दक्षिणेकडे नगर-नाशिकच्या डोंगरांत भागोजी नाईक लढत होते. मुंबई-आग्रा रस्ता म्हणजे इंग्रजांची रक्तवाहिनी. उत्तरेत धामधूम चालू असताना सातपुड्याच्या भिल्लांनी नेमकी तीच दाबली. याला लूट म्हणायचे, तर सगळा सातपुडा गिळणाऱ्या कंपनीला काय म्हणायचे?

मग आंबापाणी. ११ एप्रिल १८५८ रोजी मेजर इव्हान्सच्या फौजेने भिल्लांना गाठले. त्या फौजेत भिल्ल पलटणही होती. म्हणजे भाऊ भावासमोर उभा होता. दिवसभर झुंज झाली, कंपनीचे अधिकारीही पडले. खाज्या नाईक यांचा मुलगा पोलादसिंग येथेच धारातीर्थी पडला. हाती लागलेल्यांपैकी पन्नासच्या वर भिल्लांना झटपट चौकशी उरकून गोळ्या घालण्यात आल्या. शेकडो स्त्रिया कैद झाल्या. त्या लढवय्यांबरोबर डोंगरात राहत होत्या, म्हणजे हे घरदार घेऊन लढलेले युद्ध होते. एका राणीचे पुतळे चौकाचौकांत आहेत. या शेकडो भिल्लीणींची नावेसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत.

खाज्या नाईक निसटले आणि पुढे दोन वर्षे लढत राहिले. १८६० साली फौजेला जे जमले नाही ते फितुरीने साधले. त्यांच्याच विश्वासातल्या एका मकराणी जमादाराने दगा करून त्यांना ठार मारले. भीमा नाईक १८६७ साली पकडले गेले आणि १८७६ साली अंदमानात वारले.

पण खाज्या नाईक यांचा खरा पराभव त्यानंतर झाला. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १८७८ च्या कायद्याने जंगल सरकारी झाले आणि रानाचा धनी रानातच चोर ठरला. ज्या हक्कासाठी गुमानी नाईक आणि खाज्या नाईक लढले, तो हक्क कागदावरूनच पुसला गेला.

१९४७ ला इंग्रज गेला. तो हक्क परत मिळाला का? बाबासाहेबांच्या राज्यघटनेने आदिवासींना राखीव जागा दिल्या, पाचवी अनुसूची दिली. पण जमिनीच्या अन्यायाची कबुली द्यायला संसदेला २००६ साल उजाडावे लागले. वनहक्क कायदा झाला, तरी पट्ट्यासाठी मार्च २०१८ मध्ये आदिवासी शेतकऱ्यांना नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळलेल्या पायांनी चालावे लागले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा-अक्राणीची तेहतीस गावे आली. जो जिल्हा १९९८ साली वेगळा झाला आणि ज्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत, तेथे खाज्या नाईक यांचा प्रश्न अजून जिवंत आहे.

चळवळीतल्या माणसांनी म्हणून एक करावे. अकरा एप्रिलला फुले जयंतीच्या मंचावर आंबापाणीची गोष्ट सांगावी आणि पुतळ्यापेक्षा पट्ट्याचा प्रश्न आधी घ्यावा. गावातल्या किती आदिवासी बांधवांचे वनहक्काचे दावे अडकले आहेत, याची यादी त्याच सभेत करावी आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन प्रांत कचेरीत जावे. खाज्या नाईक यांनी घाट मागितला तो दयेपोटी नव्हे, हक्काने. आपणही तसाच मागू.